अखंड जप आणि बंद गाड्या

रविवारी सकाळी आमच्या मरोळच्या सोसायटीतली साठ-सत्तर माणसं पार्किंगमध्ये हात जोडून उभी होती. मध्ये तरंगनाथ महाराज, समोर सेक्रेटरी श्यामसुंदररावांची पांढरी गाडी. महाराजांनी बॉनेटवर अक्षता टाकल्या, "ओम कंपन, ओम स्पंदन" असं काहीबाही पुटपुटले आणि रिमोटचं बटण दाबलं. गाडीने दिवे मिचकावले आणि लॉक खटकन उघडलं. मग दुसरी गाडी उघडली, मग तिसरी. रश्मीवहिनींनी तर टायरला वाकून नमस्कार केला.

हसू नका. दसऱ्यापासून महिनाभर गेटजवळच्या रांगेतल्या एकाही गाडीचा रिमोट चालत नव्हता. मी स्वतः तीनदा सेल बदलला. रिमोटच्या पोटातली छोटी किल्ली काढून दार उघडावं, तर माझीच गाडी मला चोर समजून बोंबलायची. मी ऑफिसला कधी निघतो हे सगळ्या इमारतीला पाठ झालं होतं. शेवटी श्यामसुंदररावांनी आपल्या गुरूंना, म्हणजे या महाराजांना, साकडं घातलं.

"विश्व म्हणजे काय? तरंग," महाराज सांगत होते. "गाडी म्हणजे तरंग. तुम्ही म्हणजे तरंग." दक्षिणा तेवढी तरंगांत चालत नव्हती, ती पाकिटात लागायची.

महाराज उपमा खायला वर गेले आणि अर्ध्या तासात गाड्या पुन्हा मुक्या झाल्या. मला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. कसले उघडतात? महाराज तोंड पुसत खाली आले आणि म्हणाले, "मी तरंग बांधले होते. कुणीतरी सोडले. दसऱ्याला या वास्तूत नवीन कोण आलं?"

सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. तिथे खंडू उभा होता, आमचा वॉचमन. तो दसऱ्याच्याच दिवशी कामाला लागला होता. गेटजवळची खोली सोसायटीने त्याला दिली होती, आणि पंधराच दिवसांपूर्वी त्याने बायको-मुलीला जालन्याहून आणलं होतं.

"खंडू, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर," श्यामसुंदरराव म्हणाले. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

खंडू भांडला नाही. "माझाच पाय वाईट असंल, साहेब," एवढंच म्हणाला. ते ऐकून माझं डोकं फिरलं. बाबा काय, बोलणारच. पण त्याच्या बडबडीवर या भल्या माणसाचाही विश्वास बसावा, याचा मला फार राग आला. मी तडक दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि दर्शनाचं दार वाजवलं. ही पोरगी औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात गाड्यांची वायरिंग बघते. ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून तशीच खाली आली.

"काका, सेल नवीन आहे ना?"

"तिसरा."

"मग गाडी जरा रस्त्यावर घ्या."

रस्त्यावर माझा रिमोट झकास चालला. दर्शनाची गाडी मागच्या रांगेत असते, तिथे तिचा रिमोट कधीच अडला नव्हता. तिने ती गाडी गेटजवळ आणून लावली, तर तीही मुकी.

"म्हणजे किल्ल्या चांगल्या, गाड्या चांगल्या. भानगड या जागेत आहे," ती म्हणाली.

"मी वेगळं काय सांगतोय, बाळ?" महाराज खूश झाले.

"अर्धं बरोबर सांगताय. खंडूदादा, तुम्ही जरा नाक्यापर्यंत जाऊन या."

खंडू नाक्यापर्यंत गेला, आणि गाड्या तशाच बंद. महाराज म्हणाले, माणूस गेला तरी छाया मागे राहते. दर्शनाने तिकडे लक्षच दिलं नाही. "मघाशी उघडल्या तेव्हा काय वेगळं होतं, आठवा ना."

मी आठवू लागलो. मघाशी शांतता होती. विधीला मौन हवं म्हणून महाराजांनी स्वतःच्या हाताने जपाची पेटी बंद केली होती, आणि उपम्याला वर जाताना पुन्हा लावली होती.

ही पेटी गेटजवळच्या दत्ताच्या देवळीत बसते. महाराजांनीच दसऱ्याला ती दिली होती. तिच्यातला जप वायरीशिवाय दोन्ही जिन्यांतल्या स्पीकरवर जातो, चोवीस तास. अखंड जप म्हटल्यावर बंद कोण करणार? मी देव मानत नाही, पण शेजाऱ्यांना घाबरतो.

दर्शना देवळीकडे वळली तसे श्यामसुंदरराव आडवे आले. "हात लावू नकोस. जपात खंड पडेल."

"मघाशी महाराजांनी पाडलाच की."

"त्यांचा अधिकार आहे."

"मग खंडूदादाचाही असू दे. नोकरी त्याची चाललीय."

नाक्यावरून परतलेला खंडू दोन पावलं मागे सरला. "ताई, देवाचं हाय. मला नाही जमायचं."

"देवाला नमस्कार करा आणि पेटी बंद करा. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, दादा."

खंडूने हात जोडले, मग बटण दाबलं. जप थांबला. मी रिमोट दाबला, गाडी उघडली. मग सगळ्यांनीच आपापले रिमोट दाबायला सुरुवात केली आणि पार्किंगमध्ये टुकटुकाट झाला. पेटी लावली की गाड्या मुक्या, बंद केली की बोलत्या. दर्शनाने हे पाच वेळा करून दाखवलं.

"रिमोट गाडीला हवेतून निरोप पाठवतो, अगदी हलक्या आवाजात," तिने समजावलं. "ही पेटीही हवेतूनच बोलते, त्याच लहरीवर, आणि दिवसभर ओरडत असते. मांडवातल्या कर्ण्याखाली उभं राहून कानात काही सांगितलं तर ऐकू येईल का?"

आता रश्मीवहिनी पुढे आल्या, त्याच त्या टायरला वाकलेल्या. "महाराज, वाकोल्याला माझ्या बहिणीच्या सोसायटीतही पेटी तुम्हीच दिलीत, आणि गाड्या उघडायलाही तुम्हीच गेलात. तिथल्या माळ्याला काढायला लावलंत. पेटी बंद करायची असते, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

महाराजांना एकदम कुर्ल्याचा कार्यक्रम आठवला आणि ते गेटबाहेर पडले. त्यांना अडवायचं कुणालाच सुचलं नाही, इतके सगळे आपापले रिमोट दाबण्यात रमले होते.

खंडू मात्र श्यामसुंदररावांसमोर उभा होता. "साहेब, बायकोनं सामान बांधलंय. सोडू का?"

श्यामसुंदरराव खंडूच्या खोलीत गेले, खाली बसले आणि भांड्यांच्या बोचक्याची गाठ स्वतः सोडू लागले. मला त्या क्षणी तो माणूस आवडला.

तेव्हा मंडळी, गाडी उघडत नसेल तर आधी सेल बदला. दुसरी किल्ली लावून बघा. गाडी चार हात पुढे नेऊन बघा. मग आजूबाजूचं एकेक यंत्र बंद करून बघा, ते देवापुढचं असलं तरी. देव रागावत नाही. एवढं करून कारण सापडलं नाही, तर "मला माहीत नाही" म्हणा आणि जाणकाराला विचारा. पण कुणा गरिबाचा पाय वाईट, असं म्हणू नका. ते ऐकून तो खरंच सामान बांधायला लागतो.