आठवड्याला वीस किलोमीटर

मी एक जुनी फियाट आहे, मित्रांनो. रंग दुधी. म्हणजे कागदावर दुधी. आता पाहाल तर चहा सांडलेल्या चादरीसारखी दिसेन. बोरीवली पूर्वेच्या एका सोसायटीत, पाण्याच्या पंपाच्या खोलीशेजारी, मी अकरा वर्षं जागची हलले नव्हते. आणि गेल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी माझा भंगारवाला ठरला होता. तरीही मी आज तुमच्याशी बोलते आहे. ते कसं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. पहिले मालक मुलुंडचे दाताचे डॉक्टर. त्यांच्याकडे मी तीनच वर्षं होते. मग मला धोंडिराम सरवदे यांनी घेतलं. ते तेव्हा साकीनाक्याला पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात फिटर होते आणि त्यांच्या नात्यागोत्यात कुणाच्या दारात सायकलीपलीकडे वाहन नव्हतं. माझा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या बाजूला दांडा असतो. तो शिकायला त्यांना दोन रविवार लागले.

त्याच उन्हाळ्यात ते मला करमाळ्याकडच्या आपल्या गावी घेऊन गेले. वेशीपासून त्यांच्या वस्तीकडे जायला ओढ्यातून एक वाट होती. त्यांचे वडील जन्मभर त्याच वाटेनं गेले होते; चावडीसमोरून त्यांच्या वस्तीचं कुणी जात नसे. धोंडिरामांनी मला त्या वाटेला घातलं नाही. सरळ चावडीसमोरच्या रस्त्यानं नेलं, दुसऱ्या गिअरमध्ये, हळू. हॉर्न वाजवला नाही. गाडीत मागे त्यांचे आईवडील बसले होते. पारावरच्या माणसांचे चेहरे मला आठवत नाहीत. मागच्या सीटवर म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा किती घट्ट धरला होता, ते मात्र आठवतं.

पुढची वर्षं कामाची होती. मी लग्नाची वऱ्हाडं नेली, आजारी माणसं नेली, तांदळाची पोती नेली. धोंडिरामांचा मुलगा आकाश जन्मला, तेव्हा त्याला इस्पितळातून घरी मीच आणलं. मग धोंडिरामांची नजर मंदावायला लागली, डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं, आणि मी पंपाच्या खोलीशेजारी लागले.

तुम्हाला वाटेल, आता माझी हेळसांड सुरू झाली असेल. तसं झालं नाही. आबा, म्हणजे धोंडिराम, रोज सकाळी बादलीभर पाण्यानं मला धूत, पुसत आणि लगेच जाड निळं प्लॅस्टिकचं कव्हर घालून नायलॉनच्या दोरीनं बांधून टाकत. महिन्यातून एकदा इंजिन चालू करून पाच मिनिटं ऐकत बसत. शेजारी म्हणायचे, जपावं तर सरवद्यांनी. ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

आकाशची बायको नीलम या घरात आली तेव्हा मी कव्हराखालीच होते. तिनं मला कधी धावताना पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी मी एक निळा ढीग होते, ज्याच्यामागे साप, उंदीर, विंचू, काहीही असू शकत होतं. नीलम भारी सावध बाई. तिची सहा वर्षांची यशोधरा खाली खेळायला उतरली, की दर पाच मिनिटांनी गॅलरीतून एक हाक यायचीच.

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. लपाछपीत यशो माझ्यामागे लपली, कव्हराखाली शिरली, आणि दाराखालचा गंजलेला पत्रा तिच्या पोटरीला लागला. तीन टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. इस्पितळातून आल्यावर नीलम माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"आबा, शनिवारी भंगारवाला येईल. मी बोलले आहे त्याच्याशी."

"मी तो पत्रा कापडानं बांधून घेतो गं."

"आणि दुसरा पत्रा? आतला? किती ठिकाणी कापड बांधणार?"

 पण शुक्रवारी सकाळी आबांनी साकीनाक्याहून सुबोध मेस्त्रींना बोलावून घेतलं. हे मूळचे मालवणकडचे, तीस वर्षं जुन्या गाड्यांचं पत्राकाम करतात. "नुसतं बघून तर जाऊ दे," एवढंच आबा सुनेला म्हणाले. नीलम हाताची घडी घालून उभी राहिली. आकाश ऑफिसला निघाला होता, तोही थांबला.

मेस्त्रींनी कव्हर ओढून काढलं, खिशातून लोहचुंबक काढला आणि माझ्या अंगावर जागोजागी लावत गेले. जिथं तो चिकटेल तिथं खरा पत्रा. जिथं गळून पडेल तिथं पत्रा खाऊन गेलेला आणि वर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. छतावर चिकटला. बॉनेटवर चिकटला. दाराखाली चार वेळा पडला. मग ते आडवे झाले, माझ्या पोटाखाली शिरले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत राहिले. 

"इंजिन झकास. पुढचा सांगाडा शाबूत. खालचो पत्रो गेलो," बाहेर येत ते म्हणाले. मग त्यांनी कव्हर उलटं करून दाखवलं. आतून थेंब लोंबत होते. "काका, ही पावसान नाय सडली. ह्या कव्हरान सडवली. रोज ओली करून वरसून कव्हर गुंडाळलात. पाणी जातला खंय?"

आबा पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले. कव्हराची ओली बाजू त्यांनी बोटांनी चाचपली.

"म्हणजे माझ्याच हातानं," ते म्हणाले. "अकरा वर्षं."

नीलमच्या घडी घातलेल्या हातांची पकड सैल झालेली मी पाहिली. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

"आबा, जपणाऱ्याचंच चुकतं. जो जपतच नाही, त्याचं काय चुकणार?"

मग खर्चाचा विषय निघाला. सगळी नवीकोरी, चकचकीत, दांड्यापासून दिव्यापर्यंत मूळच्यासारखी हवी असेल तर साडेचार लाख. नुसता खालचा पत्रा, ब्रेक, वायरिंग, टायर केलं तर पावणेदोन.

"यार, पावणेदोनात वापरलेली चांगली गाडी येईल," आकाश म्हणाला. "एसीवाली. हिच्यात एसी म्हणजे खिडकी."

"खरा बोललात," मेस्त्री म्हणाले. "हिशेबानं बघाल तर नाय परवडणार. मी गिऱ्हाइकाक खोटा नाय सांगत. आणि माझी एक अट आसा. आठवड्याला वीस किलोमीटर तरी चालवणार असाल तर हात लावतो. पुन्हा उभी करून ठेवणार असाल, तर उद्याच्या भंगारवाल्याक द्या. माझी मेहनत फुकट घालवू नका."

आणि इथंच घोडं अडलं. कारण चालवणार कोण? आबांची नजर अधू झालेली. आकाशकडे लायसन्सच नाही. तो म्हणतो, मुंबईत गाडी चालवणं म्हणजे पगार न घेता ड्रायव्हरकी. मित्रांनो, माझा जीव पैशावर अडला नव्हता, तो या एका प्रश्नावर अडला होता. उद्या शनिवार होता.

"माझ्याकडे आहे लायसन्स," नीलम म्हणाली.

"तुझ्याकडे?" आकाश हसला. "तू रिक्षात बसलीस तरी रिक्षावाल्याला सिग्नल दाखवतेस."

"कॉलेजात काढलंय. दोनदा चालवली, मग घाबरून सोडली." ती मेस्त्रींकडे वळली. "ब्रेक अगदी नवे बसवणार ना? आणि मागच्या सीटला पट्टे?"

"बसवतो वहिनी."

"मग करा. चकचकीत नको. पावणेदोनवाली."

तिनं शनिवारच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्या एका फोनपुरती मी कुणाची ऋणी असेन, तर तिची.

मेस्त्रींच्या साकीनाक्याच्या गाळ्यात मी सात आठवडे होते. कुजलेला पत्रा कापून काढला, नवा जोडला. दुखलं का, असं विचाराल, तर किडका दात काढल्यावर वाटतं तसं वाटलं. नीलम दर शुक्रवारी यायची आणि खाली वाकून मोबाइलच्या उजेडात प्रत्येक सांधा बघायची. ब्रेकचं एकदा विचारून तिचं समाधान होत नसे. मेस्त्री वैतागायचे. "वहिनी, माझ्या बायकोन लग्नाआधी माझी एवढी चौकशी नाय केली." आबांना निदान रंग तरी नवा हवा होता. नीलम म्हणाली, "नको आबा. रंगाखाली काय आहे ते मला दिसायला हवं." म्हणून मी अजून डागाळलेलीच आहे, आणि दाराखाली करड्या प्रायमरची पट्टी आहे.

आरटीओत तपासणी झाली, कागद नवे झाले, आणि एका रविवारी सकाळी नीलमनं मला बोरीवलीकडे हाकलं. शेजारी आबा. यशोला पहिल्या खेपेला तिनं घरीच ठेवलं होतं. जोगेश्वरीपर्यंत आम्ही नीट आलो. पुढे एका पुलाच्या चढावर, गर्दीत, मी बंद पडले. खोटं का बोलू, चूक क्लचवरच्या तिच्या पायाची होती. मागून हॉर्नचा गदारोळ. एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ मॅडम, म्युझियममधून आणली का?"

नीलमनं दाराच्या कडीवर हात ठेवला. मला कळत होतं, आत्ता तिनं खाली उतरून चावी दुसऱ्याला दिली, तर ती पुन्हा बसणार नाही. आणि मग माझी जागा ठरलेली.

"त्याला वाजवू दे," आबा म्हणाले. "त्याला कुठं जायचंय ते तो बघेल. तू दांड्याशी भांडू नको. हळूच घाल पहिला."

तिनं हँडब्रेक ओढला. चावी फिरवली. मी माझं सगळं बळ एकवटलं. चढ संपला, उतार लागला, तिनं ब्रेकवर पाय ठेवला, आणि मी जिथं थांबायला हवं तिथंच थांबले. नीलमनं इतका मोठा श्वास सोडला, की काचेवर वाफ आली. मग ती हसायला लागली, आणि आबाही.

मित्रांनो, जुनी गाडी दुरुस्त करणं परवडतं का, असं मला विचाराल, तर हिशेबाच्या वहीत मी हरणारच. पण तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी झाकून ठेवलेलं असेल, तर खर्च विचारण्याआधी एवढंच विचारा, की ते वापरणार कोण. नाव मिळालं, तर खर्च करा. नाव मिळालं नाही, तर हात जोडून निरोप द्या. आमचा राग नाही. पण प्रेमानं गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका. त्यात आम्हीही कुजतो आणि तुम्हालाही कळत नाही.

आज पुन्हा रविवार. नीलम यशोला घेऊन जिना उतरते आहे. मागचा पट्टा ती दोनदा ओढून बघेल, मग आरसे, मग ब्रेक. त्यानंतर कुठं जायचं, ते मला अजून माहीत नाही. अकरा वर्षं मला उद्याची जागासुद्धा पाठ होती. हे माहीत नसणं किती सुखाचं आहे, ते मी विसरूनच गेले होते.