साहेब, नापास मी होतो

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. ‘चालकाची चूक’ असा शेरा मारून सही ठोकलीत, तेव्हा खरी चूक तुमच्याच गाडीच्या पोटात अडकून पडली होती. ती चूक म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना स्पार्क प्लग आहे. गाडी शिकवणाऱ्या आणि परवान्याची परीक्षाही घेणाऱ्या, या साहेबांच्या केंद्रातल्या गाडीचा, चौथ्या सिलिंडरचा. पेट्रोल आणि हवा आत आली की ठिणगी टाकायची, एवढंच माझं काम. आम्ही चौघे एकाच दिवशी बसलो. तिघे हाताशी, मी मात्र मागच्या कोपऱ्यात, पाइपांच्या जंजाळाखाली. इंजिन गरम असतानाच मिस्त्रीने घाईघाईत पाना लावला आणि अंगाचा सगळा भार टाकून मला आवळलं. तिथेच मी चिणला गेलो.

सुरुवातीला कौतुक झालं. “काय मऊ चालते गाडी!” असं शिकाऊ माणसं म्हणत.

चाळीस हजार किलोमीटरला प्लग बदला, असं त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं. साठ हजार झाल्यावर मिस्त्रीने तिघांना बदललं. माझ्यापाशी पाना फिरेना.

“साहेब, चौथा जाम झालाय. गाडी एक दिवस उभी ठेवा.”

“तीन नवे आहेत ना? एकाने काय आभाळ कोसळतंय? सोड तसाच.”

मी राहिलो. अंधार, आग आणि काजळी. माझ्या टोकाची फट झिजून रुंद झाली. ठिणगी कधी पडे, कधी हुके. ओरडायला तोंड नव्हतं.

मग सिस्टर आल्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे घरोघरी जाऊन मलमपट्टी करायची नोकरी त्यांना मिळत होती. पण व्हॅन स्वतः चालवायची होती आणि परवाना महिनाअखेरच्या आत हवा होता. परीक्षेत चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायची होती. त्यांनी सगळं बरोबर केलं. मी हुकलो. दोन आचके, आणि गाडी बंद.

“क्लच असा सोडतात होय?”

“साहेब, गाडीच खोकली हो. माझा पाय जागचा हलला नाही.”

“मग गाडीला औषध द्या ना, सिस्टर!”

दुसऱ्या परीक्षेतही तेच झालं.

तेव्हा मात्र मिस्त्रीने कुणाला विचारलं नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. माझ्या मुळाशी गंज सोडवणारं तेल घातलं आणि वाट पाहिली. मग चतकोर फेरा उलटा, जरासा सुलटा, पुन्हा उलटा. मी सुटलो! नव्या प्लगला त्याने आधी नुसत्या बोटांनी फिरवलं, मग पान्याने बेताने आवळलं. मित्रांनो, एवढंच करायचं असतं. इंजिन थंड, हात हलका, आणि बदलायचे तर चारही.

त्याने मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं. “हा बघा खरा नापास. सिस्टरना बोलवा.”

“तू तुझे पाने सांभाळ,” साहेब म्हणाले. मला खणात टाकलं आणि किल्ली फिरवली.

एका अंधारातून दुसऱ्या अंधारात. माझ्याखाली सिस्टरचा अर्ज आहे. माझी काजळी त्या शेऱ्याला लागली आहे. बाहेर त्यांचा आवाज येतो, “साहेब, चारच दिवस उरलेत. एकदा घ्या ना परीक्षा.”

“पुढच्या महिन्यात बघू.”

का, साहेब? गाडी आता धड आहे, सिस्टर तर आधीपासूनच धड होत्या. मग नापास कोण? त्या दाराशी उभ्या आहेत. खण उघडा, आणि त्यांच्या तोंडावर उत्तर द्या.