बायकांच्या खोलीचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. शिंपीकाकू गेल्या हे मला कळलं, त्या दिवशी मी दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीवर पडलो होतो. सिस्टर सफाईवाल्या मावशींना म्हणाल्या, "अहो, आपल्या शिंपीकाकू गेल्या. छातीत गाठ होती. फार उशिरा कळलं." मावशी होत्या तिथेच खाली बसल्या.

मला शिंपीकाकांनीच शिवलं होतं. जाड कापड, दुहेरी टीप. खालची पट्टी मात्र काकूंनी हातानं घातली, कारण तिथे काकांची टीप वाकडी गेली होती. "सगळ्या गावाची मापं घेता आणि एक सरळ रेघ जमत नाही!" काकू म्हणाल्या. काका मान खाली घालून हसले.

मग मला बायकांच्या खोलीत, तपासणीच्या टेबलापुढे लावलं. कापडाची भिंत ती काय! पण माझ्यामागे आल्या की बायका बोलू लागत. कोणाला इतक्यात मूल नको असे आणि ते घरात सांगायची सोय नसे. कोणी बाही वर करून वळ दाखवी.

"पडलात?" सिस्टर विचारत.

"पाडलं."

सिस्टर औषध लावत, मदत कुठे मिळेल ते सांगत. "हा पडदा आहे म्हणून बोलवतं बघा," असं एक बाई म्हणाली होती. तेवढं कौतुक मला पुष्कळ वर्षं पुरलं.

पुढे साथ आली. बायकांच्या खोलीत ऑक्सिजनचे सिलिंडर रचले. तापाची रांग वेगळी करायला मला फाटकाशी बांधलं. मूल लांबवायचं इंजेक्शन घ्यायला आलेल्या बायका तिथूनच परत जात. वळ असलेल्या तर आल्याच नाहीत. मारणारा दिवसभर घरातच होता, बाहेर पडणार कशा?

एका सकाळी शिंपीकाकू आल्या.

"ताप आहे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"नाही."

"कुठे दुखतंय?"

काकू थांबल्या. मागे पुरुषांची रांग होती. छातीत गाठ हाताला लागते, हे तिथे उभ्यानं कसं सांगायचं? आणि गाठ खरंच दुखत नव्हती.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या.

"मग कशाला जीव धोक्यात घालता, काकू? सगळं निवळलं की या."

"बरं बाबा," म्हणून त्या वळल्या. दुखतंय म्हणाल्या असत्या तर आत गेल्या असत्या. पण त्या खरं बोलल्या. पहारेकऱ्याला तरी काय दोष द्यायचा? त्याला तेवढंच विचारायला सांगितलं होतं, आणि तोही घाबरलेला होता.

साथ ओसरली. मला धुतलं, घडी घातली आणि इथे टाकलं. मी थकलोय, विरलोय, त्याचं काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातली बाई "काही नाही, राहू दे" म्हणाली, तर राहू देऊ नका. तिच्याबरोबर जा.

अजूनही अधूनमधून एखादी बाई दाराशी येऊन विचारते, "सिस्टर, आपली खोली?"

"अजून नाही गं," सिस्टर म्हणतात.

रिकामे सिलिंडर तिथेच आहेत. बायकांची खोली अजून उघडलेली नाही.