भपक्याचं पाणी

त्या वर्षी धनज गावच्या बोअरचं पाणी फारच खारट झालं. चहात दूध घातलं की ते फाटायचं, डाळ कितीही उकळा, टणकच राहायची. सकीनाच्या घरी सगळे कसेबसे ते पाणी पीत. पण सून अर्शियाला चौथा महिना होता. घोट पोटात गेला की ती उलटी करायची. गोड्या पाण्याच्या जारची गाडी मनात येईल तेव्हा यायची.

हे कानावर गेलं तसे अर्शियाचे वडील एजाजभाई कारंज्याहून फोनवर गरजले, "जुम्म्याले येतो न् पोरीले घेऊन जातो. तुमच्या घरी प्याले पानी नाई त पोरगी राहीन कशी?"

सकीनाच्या ते जिव्हारी लागलं.

तिचा सासरा बडीशेपेचा, ओव्याचा अर्क काढायचा. त्याची हंड्याएवढी तांब्याची देग आणि वाफ थंड करायचा भपका माळ्यावर पडून होता. अर्क काढणं पुरुषांचं काम, बायकांनी फक्त बडीशेप निवडायची. पण निवडता निवडता सकीनानं सगळं पाहून ठेवलं होतं.

"कायले उतरवून राह्यली थे?" नवरा फय्याजनं विचारलं. तो ती देग भंगारात द्यायला निघाला होता.

"पानी काढतो. अर्क निघते त पानी नाई निघनार? वाफीत मीठ कुठून येईन?"

फय्याज हसला. पण दुसऱ्याच दिवशी पंक्चरचं दुकान बंद ठेवून देगेला कल्हई करून आणली.

पहिल्यांदा झाकणाला लावलेली कणीक फुटली आणि सगळी वाफ अंगणात गेली. दुसऱ्यांदा पाणी आलं, पण त्याला ओव्याचा वास.

"अम्मी, हे त पोटदुखीचं औषध झालं!" अर्शिया खूप दिवसांनी हसली.

सकीनानं चिंच लावून देग पुन्हा घासली, भपक्याच्या नळीतून उकळतं पाणी सोडलं. मग भपक्यातून नितळ पाणी उतरलं. चव मात्र अगदी सपक. तिनं ते या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतलं आणि रात्रभर कोऱ्या माठात ठेवलं. सकाळी अर्शिया ग्लासभर प्यायली, भिंतीला हात टेकून उभी राहिली. काही झालं नाही. तिनं ग्लास पुन्हा पुढे केला.

जुम्म्याला एजाजभाई आले. पाणी पिऊन म्हणाले, "जार आला वाटते?"

"माह्या हातचं हाय," सकीना म्हणाली आणि त्यांना चुलीजवळ घेऊन गेली. थंड झालेल्या देगेच्या तळाला पांढरा थर बसला होता. एजाजभाईंनी तो बोटानं खरवडून जिभेवर ठेवला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"अब्बा, मी सातव्या महिन्यातच येतो," अर्शिया म्हणाली. "आता नाई."

फय्याज फाटकापाशी जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अर्क माहा बाप काढे! पानी माही बायको काढते!"

"गप बसा न जी," सकीनानं ओढणी तोंडाला लावली, पण मान काही खाली घातली नाही.

तिनं देग धुऊन भरली, कणकेनं झाकण बंद केलं, खाली तुराट्या सारल्या. निघायला उठलेले एजाजभाई परत खाटेवर टेकले. "पोरीले राहू द्या, समधनबाई," ते म्हणाले. "पन हे कसं उतरते, मले पाहू द्या."