सामन्याच्या दिवशीचं सार

दुबईच्या करामा भागातल्या कमलिनीबाईंच्या खानावळीत कोण कुठे बसणार हे ठरलेलं असे. दाराजवळ बांधकामाच्या साइटवरचे लोक, कारण त्यांना घाई. पंख्याखाली ऑफिसवाले, कारण त्यांना घाम फार. आणि मोरीजवळच्या ज्या टेबलावर दुसरं कुणी बसायला तयार नसे, तिथे भिंतीला पाठ टेकून शिम तेगिल. हा गडी कोरियाचा, धंद्याने फुटबॉलपटू, बचावफळीत खेळणारा. राहायला दुबई मरीनातल्या उंच इमारतीत, जेवायला मात्र करामात. त्याच्या क्लबचा फिजिओ प्रणव मूळचा रत्नागिरीचा. त्याने एकदा त्याला तळलेला बांगडा खायला आणलं आणि मग तो येतच राहिला. बांगड्याचा काटा साफ करून ठेवणारा माणूस परका कसा असेल, असं देवगडच्या कमलिनीबाईंचं साधं शास्त्र होतं.

तो त्यांना मावशी म्हणायचा. प्रणवने हा शब्द शिकवला तेव्हा तो खूप हसला होता. त्याच्या देशातही खानावळीतल्या बाईला मावशीच म्हणतात म्हणे.

फुटबॉलमधलं कमलिनीबाईंना ओ की ठो कळत नव्हतं, पण तेगिलचं काम त्यांना कळलं होतं. गोल करणाऱ्याची मिरवणूक निघते. गोल अडवणाऱ्याचं नाव लोक घेतात ते त्याच्याकडून चूक झाली की. खानावळवालीचंही तेच. मीठ बरोबर पडलं तर कोण बोलतंय?

पंधराव्या वर्षी घर सोडून तो खेळाडूंच्या वसतिगृहात गेला. मग त्याच्या बंदराच्या गावातल्या क्लबात चार हंगाम खेळला. तेव्हा वडील समुद्रातल्या कालवांच्या शेतीवरून तसेच ओल्या बुटांनी मैदानावर यायचे. पुढे चांगले पैसे मिळाले म्हणून जपान, मग सौदी, मग इथे. वडील आता फोनवर सामना बघत, आणि त्यांच्या फोनवर अर्धा वेळ चेंडूच दिसत नसे. तेगिल चौतिशीला आला, गुडघे कुरकुरायला लागले. मे महिन्यात करार संपणार होता. त्याला आता एकच हवं होतं. शेवटचा एक हंगाम गावच्या क्लबात, त्याच निळ्या शर्टात, आणि वडील प्रेक्षकांत बसलेले.

देव पावल्यासारखं झालं. कोरियात बर्फ पडलं की तिथले संघ सरावाला गरम मुलखात येतात, तसा त्या जानेवारीत गावचा क्लबच दुबईत आला. तेगिलच्या संघाशी मैत्रीचा सामना ठरला. त्यांचा प्रशिक्षक म्हणजे तेगिलचा जुना वरिष्ठ, एकेकाळी दोघे शेजारी शेजारी खेळलेले. त्याने निरोप धाडला, "खेळून दाखव. मग बघतो."

"मावशी, मे बी आय गो होम," तेगिल म्हणाला. एरवी दगडासारखा असलेला चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"होणार रे. इन्शाल्ला, नक्की होणार," कमलिनीबाई म्हणाल्या, आणि लगबगीने आत जाऊन उगाच कांदे चिरत बसल्या. त्यांचा देवांश कॅनडाला गेल्यापासून फोन केला की "बिझी, आई, कॉल यू लेटर" एवढंच ऐकू यायचं. मोरीजवळचं ते टेबल रिकामं झालं तर, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ठाण मांडूनच बसला. नको जाऊ दे याला, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मनाला कुठे तोंड असतं?

त्याची भरपाई म्हणून असेल, त्यांनी घाट घातला. सामन्याच्याच दिवशी तेगिलचा वाढदिवस होता. कोरियात वाढदिवसाला आई शेवाळाचं सार करते, हे त्यांनी यूट्यूबवर पाहिलं. कोरियन दुकानातून वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट आणलं.

"बावीस दिरहम?" त्यांचे यजमान सूर्यकांत पाकीट उलटंपालटं करत म्हणाले. "म्हणजे पाचशेच्या वर रुपये! अगं, देवगडला खडकावर फुकट मिळतं हे."

"मग जा आणि घेऊन या," कमलिनीबाईंनी विषय संपवला.

सकाळी त्यांनी ते भिजत घातलं. चिमूटभर दिसणारं शेवाळ फुगून पातेलंभर झालं. फोडणीला हिंग घालायला हात शिवशिवत होता, तो त्यांनी आवरला. लसूण, तिळाचं तेल, थोड्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. चव घेतली, तर जिभेवरून सरकन घसरून गेलं. असंच असेल, असं म्हणून झाकण ठेवलं.

सामना चारला होता. तेगिल अकराला प्रणवबरोबर आला. बाईंनी वाडगा पुढे ठेवला आणि ओवाळायला आल्यासारख्या उभ्या राहिल्या. तो वाडग्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की प्रणवला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग त्याने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि थेंब न ठेवता प्यायला. "मोअर, मावशी," म्हणाला. दुसराही संपवला. डोळे लाल झाले होते, पण गरम साराने होतात तसे, असं बाईंनी धरलं.

दुपारची जेवणं उरकून कमलिनीबाई प्रणवच्या ओळखीने मैदानावर गेल्या. पन्नासेक माणसं, सगळी दोन्ही क्लबांची. शेजारी एक कोरियन बाई बसली होती, पाहुण्या संघाच्या दुभाष्याची बायको. तिने कुतूहलाने विचारलं, तुम्ही कोणाकडून? बाईंनी इंग्रजीत सांगितलं, नंबर फाइव्ह आमचा. टुडे बर्थडे. आय मेड सीवीड सूप!

त्या बाईचा हात तोंडावर गेला. "टुडे? बिफोर मॅच?"

मग तिने समजावून सांगितलं. ते सार बुळबुळीत. म्हणून परीक्षेच्या, सामन्याच्या दिवशी कोरियात कुणी ते तोंडात घालत नाही. खाल्लं की माणूस घसरलाच. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

दुसरी एखादी बाई हसण्यावारी नेती. पण कमलिनीबाई परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही ठेवणाऱ्या, बाहेर पडणाऱ्याला कुठे म्हणून न विचारणाऱ्या. त्यांना यातलं सगळं पटलं, आणि एक जास्तच पटलं. आपल्याला तो जायला नको होता. मनातलं हातात उतरलं आणि हातातलं पातेल्यात.

पुढचा दीड तास त्यांनी चेंडू पाहिलाच नाही. त्या तेगिलचे पाय बघत होत्या. गवत नुकतंच भिजवलेलं. समोरचा पोरगेला खेळाडू वाऱ्यासारखा पळायचा आणि तेगिल दरवेळी त्याच्याआधी तिथे उभा असायचा. दुसरे घसरले, तो नाही घसरला. एकदा तर गोलरक्षक चुकला तेव्हा याने रेषेवरून चेंडू बाहेर काढला, आणि दुभाष्याची बायको स्वतःचा संघ विसरून ओरडली. शून्य-शून्य. बाईंनी पदराने घाम पुसला आणि देवगडच्या रामेश्वराला मनातल्या मनात नारळ बोलला.

सामना संपल्यावर गावच्या क्लबाचा प्रशिक्षक तेगिलपाशी आला. तेगिल कमरेत वाकला. प्रशिक्षकाने त्याचा दंड धरला, थोडं बोलला, पाठीवर थोपटलं. तेगिल पुन्हा वाकला, जरा जास्तच वेळ.

"काय म्हणाले रे?" बाईंनी प्रणवला विचारलं.

"खलास, मावशी," प्रणव दुभाष्याला विचारून येऊन हळूच म्हणाला. "म्हणाले, खेळलास उत्तम. पण तुझ्या जागी बावीस वर्षांचा मुलगा आधीच घेतलाय. महिनाभरापूर्वी."

म्हणजे घसरला असता तरी तेच, न घसरता तरी तेच. कमलिनीबाईंना वाटलं, घसरला असता तर बरं झालं असतं. निदान शिव्या द्यायला ते पातेलं तरी उरलं असतं. आणि त्याच क्षणी, जात नाही तो, म्हणून जिवाला जरा बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर गाडीत त्या खिडकीबाहेरच बघत बसल्या.

खानावळीत संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना अवकाश होता. तेगिल आपल्या टेबलाशी बसला. बाई समोर बसल्या.

"तुला माहीत होतं ना? ते सार आज खायचं नसतं. यू नो, मॅच डे नो सूप. व्हाय यू ईट?"

तो बोटांनी टेबल घासू लागला. मग तुटक्या इंग्रजीत सांगू लागला. वाढदिवस जानेवारीत, आणि शाळेच्या स्पर्धाही जानेवारीत. आई दरवर्षी म्हणायची, आज नको, सामना होऊ दे, उद्या करते. मग दुसऱ्या दिवशी करायची. तो एकोणीस वर्षांचा असताना ती असंच फोनवर म्हणाली, उद्या ये, करते. सामना ते जिंकले. दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा ती इस्पितळात होती, आणि परत आली नाही.

"सो टुडे, मावशी, आय ईट टुडे," तो म्हणाला.

कमलिनीबाईंना रडू आवरेना. "मला तू जायला नको होतास रे," त्या मराठीतच बोलून गेल्या. त्याला शब्द कळले नाहीत. त्याने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. व्हिडिओवर वडील, उन्हाने रापलेले, डोक्यावर लोकरीची टोपी. तिकडे रात्र झाली होती. ते काहीतरी बोलले आणि तेगिलची मान खाली गेली.

"मॅचचं विचारतात?" बाईंनी विचारलं.

"नो," तेगिल म्हणाला. "ही आस्क, डिड यू ईट. देन ही आस्क, व्हेन यू कम होम."

म्हाताऱ्याने त्या निळ्या शर्टाचं नावही काढलं नव्हतं. तेगिलला उत्तर देता येईना. पलीकडे म्हातारा फोन जवळ धरून वाट बघत होता.

कमलिनीबाईंनी डोळे पुसले, पदर खांद्यावरून घेतला आणि तेगिलच्या हातातून फोन घेतला. म्हाताऱ्याने त्यांना पाहून घाईघाईने टोपी काढली आणि मान लववली.

"मे महिन्यात येतोय हो तुमचा मुलगा," त्या स्वच्छ देवगडच्या मराठीत म्हणाल्या. "पोटभर जेवलाय. मी पाठवते त्याला."