झिपरीच्या कंगव्यावरचा आळ

मी एक जुना लाकडी कंगवा आहे आणि माझा मुक्काम टेबलाच्या वरच्या खणात असतो. खणाला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे नाही, हे वेगळे सांगायला नको. मित्रांनो, कंगव्याला कुलपात ठेवल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? दागिन्यांना ठेवतात, ते मौल्यवान म्हणून. मला ठेवले, कारण माझ्यावर आळ होता. माणसे एकमेकांचा केसाने गळा कापतात असे म्हणतात. मी केसांचाच गळा कापतो, असे या घराचे मत झाले होते.

माझा जन्म एका कारागिराच्या दुकानात झाला. त्याने करवतीने माझा एकेक दात पाडला, मग दातांची टोके घासून गोल केली, कारण टोचणारा कंगवा गिऱ्हाईक परत आणून देते. शेवटी मला तेलात बुडवून ठेवले. ते माझे सुखाचे दिवस होते. दुकानातला नळ दुरुस्त करायला आलेल्या एका तरुण प्लंबरने मला उचलले आणि आपल्या नव्या नवरीला नेऊन दिले. तेव्हा त्याच्याही डोक्यावर भरपूर केस होते, हे आज सांगून कोणाला खरे वाटत नाही.

पुढे त्यांना मुलगी झाली. जन्मतःच तिचे डोके केसांनी भरलेले. एका बाजूने विंचरावे तर दुसऱ्या बाजूने उभे राहणारे ते केस पाहून बापाने तिला ‘झिपरी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव घरात चिकटले. शाळेत तिला दुसरे नाव होते म्हणे. मी ते कधी ऐकले नाही.

रोज सकाळी आई तिला दोन गुडघ्यांत धरून बसायची. “आई, हळू!” “मान सरळ धर आधी!” एवढेच संभाषण, पण ते वेण्या होईपर्यंत चालायचे. एकदा तिच्या गुंत्यात माझा एक दात तुटला. आई म्हणाली, “कंगवा बोळका झाला, पण हिचा गुंता काही सुटेना!” शेजारच्या बायका झिपरीच्या वेण्या हातात घेऊन पाहायच्या. त्यांच्या कौतुकाने माझ्या अंगावर मूठभर लाकूड चढायचे.

झिपरी मोठी झाली आणि पावाच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे पावात केस सापडला तर मोठा गहजब. म्हणून ती केस मागे ओढून इतका घट्ट अंबाडा बांधायची की भुवया वर जायच्या. त्यावर जाळीची टोपी. कपाळाच्या कडेचे केस ताणाने विरळ होऊ लागले होते. माझ्या दातांना ते कळत होते, पण मी सांगणार कोणाला?

मग तिला ताप आला. साधासुधा नव्हे, दवाखान्यात ठेवावे लागले असा. घरी आली ती अगदी काडी होऊन. ताप उतरला, अशक्तपणा उतरला, असे सगळ्यांना वाटले. ती पुन्हा कामावर जाऊ लागली. जेवण मात्र तिचे परतले नाही. चहात पाव बुडवायचा आणि पळायचे. तिचे केस तेव्हा जसेच्या तसे होते. त्यामुळे तापाचा विषय घराने सोडून दिला आणि खरे सांगायचे तर मीही सोडून दिला.

दोन-तीन महिने गेले आणि केस गळू लागले.

आधी माझ्या दातांत थोडे, मग पुंजके. उशीवर, खांद्यावर, पावाच्या कारखान्यातल्या त्या जाळीत. झिपरीने एकदा माझ्यातून केस काढले, मुठीत धरले आणि नुसती बघत राहिली. मी रोज तिच्या डोक्यावरून फिरत होतो, तरी तिच्या डोक्यात काय चालले आहे ते मला त्या दिवशी कळले.

मग घरातले सगळेच वैद्य झाले. आत्या उकळलेल्या तेलाची बाटली घेऊन आली. कारखान्यातल्या मैत्रिणीने कांद्याचा रस सांगितला, तो लावून झिपरी आठवडाभर कांद्याच्या पोत्यासारखी वास मारत होती. कोणी जाहिरातीतल्या गोळ्या आणल्या. तेलाने काही होईना म्हणून आत्या पुन्हा आली आणि म्हणाली, “एकदा डोकं तासून टाक बाई. दाट येतील बघ.” ते ऐकून झिपरी उठून आत गेली. आईला माझा संशय आला. “या कंगव्याला धार आली असणार,” ती म्हणाली, आणि बाबांनी पाइप घासायचा पॉलिश पेपर माझ्या दातांवर फिरवला! या वयात मला नव्याने घासले. मी सहन केले, पण गळती थांबली नाही.

एक गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवली नाही. घरात तिला झिपरी म्हणणे बंद झाले. कोणी ठरवले नव्हते, पण ते नाव तोंडाशी येऊन परत फिरायचे. ‘बाळा’, ‘अगं’, ‘ऐकतेस का’ यांवर भागू लागले. तिलाही ते कळत होते. एखाद्याचे नाव टाळणे म्हणजे काय, ते मी त्या दिवसांत पाहिले.

मग झिपरीने एक युक्ती केली आणि तिथेच सगळे बिघडले. विंचरले तर केस जातात, धुतले तर केस जातात, म्हणून तिने विंचरणे आणि धुणे दोन्ही बंद केले. मित्रांनो, जो केस मुळापासून सुटलेला असतो, तो न विंचरल्याने परत चिकटत नाही. तो बाकीच्या केसांत अडकून राहतो, एवढेच. असे कितीतरी दिवसांचे सुटलेले केस तिच्या डोक्यावर साठत गेले. शेवटी डोके खाजून असह्य झाले तेव्हा तिने न्हाऊन घेतले आणि मला हातात धरले.

साठलेले सगळे केस एकदम आले. माझे दात दिसेनासे झाले. आधीच्या पुंजक्यांसारखा तिने तो गोळाही मोरीत टाकला, वरून पाणी ओतले, मला खणात फेकले आणि कुलूप लावले. मग खोलीचीही कडी लावली.

त्या दिवसापासून आम्ही दोघे कोंडलेले. मी खणात, ती खोलीत. ती कामावर जाईना. जेवणाचे ताट दाराशी यायचे आणि बरेचसे तसेच परत जायचे. खणाच्या फटीतून मला थोडा उजेड दिसे आणि तिची पावले ऐकू येत. खिडकीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून खिडकीपर्यंत. आरशावर तिने चादर टाकली होती. ‘अगं, मी तुझे केस तोडले नाहीत,’ असे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण माझ्या तोंडात नुसते दात आहेत, जीभ नाही. असल्या कोंडीत माणसाने काय करावे, हे कंगव्याला कसे कळणार?

शेवटी कोंडी फुटली ती मोरीमुळे. खोलीला लागूनच मोरी आहे, आणि तिचे पाणी एका सकाळी पुढे सरकेचना. बाबा आपली लांब तार घेऊन बसले. काम करताना ते गुणगुणतात, ते मला भिंतीतून ऐकू येत होते. तार खरखरत आत गेली, बाहेर ओढली गेली आणि गुणगुणणे थांबले.

नंतर ते दाराशी आले.

“बाळा, मोरी तुंबली होती.”

तिची पावले पलंगापाशी थांबली.

“काढली मी. कधीपासून टाकत होतीस गं?”

“आईला दिसू नये म्हणून...” झिपरीचा आवाज फुटला.

“अगं, पण प्लंबरच्या घरात मोरीत लपवतात होय? दुसरी जागा नाही सापडली तुला?”

ती रडता रडता फसकन हसली. मग जास्तच रडू लागली. “बाबा, मी टकली होणार.”

“झालीस तर झालीस, मी आहेच की जोडीला. पण आधी कोणाला तरी दाखवून तर येऊ. आपण सगळे जिथं टपकतंय तिथंच फडकं बांधत बसलोय. गळती सुरू कुठून झाली, ते बघितलंच नाही कोणी.” त्यांनी हातातली तार खाली ठेवली. “माझं कामच ते, आणि मीही बघितलं नाही.”

कडी निघाली. खणही उघडला, कारण बाबांना मला पुरावा म्हणून न्यायचे होते. हत्यारांच्या पिशवीत, पान्ह्याच्या शेजारी बसून मी दवाखान्यात गेलो.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि बाजूला ठेवले. मग भिंगातून झिपरीचे डोके पाहिले, एक बट हलकेच ओढून पाहिली आणि विचारले, “हे सुरू झालं त्याच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं?”

“काही नाही,” आई म्हणाली. मग तिचा हात तोंडावर गेला. “ताप आला होता. पण तो तर केव्हाच गेला!”

“ताप गेला, त्याचा धक्का केसांना आत्ता पोचतोय. मोठं आजारपण, उपासमार, मनाचा ताण, यानंतर केसांची गळती अशी उशिरानेच सुरू होते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मुळं शाबूत आहेत. परत येतील, पण काही महिने लागतील. तोवर धीर धर.”

त्यांनी रक्त तपासायला सांगितले. थायरॉइड ठीक निघाले, लोह मात्र फार कमी होते. त्याच्या गोळ्या दिल्या. अंडी, पालेभाजी, कडधान्य, म्हणजे रीतसर जेवण, असे बजावले. कारखान्यात सैल वेणी घालून त्यावर टोपी चढवायला सांगितले. “नेहमी ओढून बांधलं तर कडेचे केस कायमचे जातात. आणि डोकं तासल्याने मुळांमध्ये काही फरक पडत नाही.”

“मग माझं?” बाबांनी टकलावर हात फिरवत विचारले.

“तुमचं घराण्यातून आलेलं. त्यालाही औषध असतं, पण विशीत, पंचविशीत यायला हवं होतं. चट्टा पडतो तो प्रकार आणखी वेगळा. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून तर आधी दाखवायचं.”

“आणि हा कंगवा?” आईने विचारले.

“त्याचा काय दोष? कंगव्यात येतात ते आधीच सुटलेले केस. नेहमीसारखे धुवा, रोज विंचरा, हलक्या हाताने.”

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो! आणि घरी आल्यावर झिपरीने मला परत त्याच खणात ठेवून कुलूप लावले. डॉक्टरबाईंचे तिला पटले होते, पण माझ्याबद्दलची भीती गेली नव्हती. ती बोटांनी केस सोडवायची, सैल वेणी घालून कामावर जायची, ताट रिकामे करायची. मी फटीतून उजेड बघत राहिलो. निकाल लागूनही कोठडीत बसणे फार वाईट. आरशावरची चादर निघाल्याचे मी ऐकले, पण ते नाव काही ऐकू आले नाही.

आज सकाळी किल्ली फिरली.

तिने मला उचलून आरशासमोर नेले. तिच्या कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस आले होते. तिने ते एका बाजूने दाबले, तर ते दुसऱ्या बाजूने उभे राहिले. मग मी तिच्या केसांतून फिरलो, वरपासून खालपर्यंत. थोडे केस माझ्यात आलेच. माझा जीव टांगणीला लागला. तिने ते काढले, पाहिले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

“बाबा, मोरीत नाही टाकले हं!” ती ओरडली.

“शाबास! चल, चहा निवतोय, झिपरे!”

बाबांच्या तोंडून निघून गेले होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“आले!” झिपरी म्हणाली, आणि मला खणात टाकून धावली.

मित्रांनो, तुमचे केस गळू लागले तर कंगव्याला दोष द्या, मी रागावणार नाही. पण ते लपवू नका. कोणाला तरी दाखवा, आणि गळती कुठून सुरू झाली ते विचारा. घरात कोणाचे गळत असतील तर त्याला तेल, रस, सल्ले देण्याआधी त्याच्या नावाने नेहमीसारखी हाक मारा. मी अजून खणातच आहे. पण झिपरी घाईत खण लावायला विसरली आहे आणि किल्ली कुलपातच लटकते आहे.