आभाळबाबांच्या दोन विंगा

इंदिरानगरातल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे ए विंग, उजवीकडे बी विंग. पार्किंगवरून भांडल्यापासून बायका एकमेकींच्या गच्चीकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. आभाळबाबांपुढे मात्र सगळ्यांच्या माना सारख्याच डोलत होत्या.

"मेघ आमच्याशी बोलतात!" बाबा गरजले. "आम्ही सकाळी प्रत्येक विंगेच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, दुपारी आभाळ ऐकतं! पण तो दुसऱ्या विंगेला दाखवलात, तर गुण गेला!"

"खरंय!" ए विंगच्या बयाबाईंनी उठून माईक घेतला. "परवा मेसेज आला, कुरडया वाळत घालू नका. चारला अवकाळी कोसळला!"

"तुझी साखरही आमचं असंच ऐकेल," बाबा म्हणाले. " उद्यापासून इंजेक्शन बंद, अंगारा चालू."

बयाबाईंनी हात जोडले. मागे उभे असलेले त्यांचे यजमान मोतीराम नको नको म्हणून हात हलवू लागले. गेल्या दिवाळीत इंजेक्शन चुकवून ही बाई दवाखान्यात पोहोचली होती. पण नवऱ्याचं ऐकतो कोण? मागच्या आठवड्यात बाबांनी ऊन सांगितलं आणि कुरडया भिजल्या, तेव्हा लगेच मेसेज आला होता: घरात कुणीतरी शंकेखोर आहे. बयाबाईंचं बोट थेट मोतीरामांकडे! तेव्हापासून त्यांचा चहा बंद होता.

ते वैतागून बाहेर आले. पायरीवर बी विंगचे सावळीराम गालाला हात लावून बसले होते.

"तुम्ही इथं?" भांडण विसरून मोतीरामांनी विचारलं.

"काय सांगू! बाबांनी परवा ऊन सांगितलं, आमच्या कुरडयांचा लगदा झाला. घरात शंकेखोर कोण, तर मी! चहा बंद हाय."

"परवा? आम्हाला तर पाऊस सांगितला होता!"

दोघांनी मोबाईल शेजारी-शेजारी धरले. रोज एका विंगेला ऊन, दुसरीला पाऊस! खरं ठरलं ते माईकवर, खोटं पडलं ते नवऱ्यावर. दोघं तडक आत गेले आणि माईकवर आळीपाळीने मेसेज वाचू लागले.

"दोन विंगांवर दोन ढग असतात!" बाबा म्हणाले.

"मध्ये दहा फूट अंतर हाय, महाराज!" सावळीरामांच्या सुलाबाई कडाडल्या. मग बयाबाईंकडे वळल्या. "तुमच्याही भिजल्या होत्या? सांगितलं का नाय?"

"तुम्ही बोलता होय आमच्याशी!"

हॉल हसत सुटला. बाबा चप्पल न घालताच पळाले.

"बायांनो," मोतीराम म्हणाले, "माईकवर खरं ठरलेलंच येतं. फसलेलं घराघरात तोंड मिटून बसतं. ते जाऊन विचारा. आणि ज्याला दाखवू नका म्हणतात, त्यालाच आधी विचारा."

सकाळी बयाबाईंनी मुकाट्याने इंजेक्शन घेतलं, मोतीरामांपुढे चहा ठेवला आणि गॅलरीतून हाक मारली, "अहो सुलाबाई, तुमच्याकडून आभाळ कसं दिसतंय?"